मामांनी चपला का धुवायच्या?

मुलांनो, गेल्या अंकात मी कबूल केलं होतं की या आठवड्यात आपण धूमकेतूच्या शेपटीविषयी बोलायचं. पण धूमकेतूला थोडं थांबावं लागेल. तो काही कुठे जात नाही. (म्हणजे जातो, पण परत येतो!) झालं असं की मध्येच एक पत्र आलं. वहीचं पान, निळी शाई, पाठपोट लिहिलेलं. लिहिणारी मैत्रीण सातवीत आहे आणि रावेर तालुक्यातल्या एका गावात राहते. ‘बाई, माझं नाव छापू नका’ असं तिनं दोनदा बजावलंय, म्हणून नाव छापत नाही. पत्र मात्र छापते.

‘बाई, आमची केळीची बाग आहे. भाऊबीजेला मामा आले होते. त्यांचीपण बाग आहे, बऱ्हाणपूरकडे. मोटारसायकलवर पोत्यात बांधून त्यांनी आमच्यासाठी चार मुनवे आणले, त्यांच्या सगळ्यात चांगल्या झाडाचे. बाग बघायला गेलो तर बाबांनी त्यांना बांधावरच थांबवलं. म्हणाले, चपला इथंच काढा, पाय धुवा. आणि मुनवे पोत्यासकट परत न्यायला सांगितले. मामा काहीच बोलले नाहीत. आईपण बोलली नाही. मामा मुक्कामाला राहणार होते, ते ओवाळणी झाल्यावर लगेच गेले. बाबा म्हणतात, रोग येतो. पण मामा काय आजारी होते का? बाबांचं चुकलं ना?’

पत्र वाचून मी थोडा वेळ गप्पच बसले. चार मुनवे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना सांगायला नको. आपल्या हातानं वाढवलेल्या उत्तम झाडाचं पिलू बहिणीला द्यायचं, म्हणजे घरचा आहेरच तो. तो परत पाठवायचा, तोही भाऊबीजेच्या दिवशी!

तर बाबांचं चुकलं की नाही ते शेवटी बघू. आधी चपलेला चिकटलेल्या मातीला बाबा एवढे का घाबरले ते समजून घ्यायला हवं. आणि त्यासाठी मी तुम्हाला एक अगदी वेगळाच प्रश्न विचारणार आहे.

केळ्याची बी कुणी पाहिली आहे का?

आंब्याला कोय असते, चिंचेला चिंचोका, फणसाला आठळी. सीताफळात तर गरापेक्षा बियाच जास्त. मग केळ्यानं काय केलं? घरात केळं असेल तर आत्ताच आणा आणि आडवं कापा. मधोमध बारीक काळे ठिपके दिसतील. ती आहे केळ्याची बी. खरं म्हणजे, बी होता होता राहून गेलेली ती खूण.

बियांची केळी असतात बरं का! पावसाळ्यात सह्याद्रीत भटकायला गेलात तर कड्याच्या कपारीत, जिथं माणूस उभासुद्धा राहू शकणार नाही अशा जागी, रानकेळी डुलताना दिसतात. त्यांना कवदर म्हणतात. आपल्या केळीची ती चुलत बहीण. तिच्या फळात गर नावाला आणि काळ्याभोर, टणक बिया भरपूर. दात लावाल तर दातच जायचा. कवदरीला बुडाशी पिलं फुटत नाहीत. ती बीपासून येते, एकदा फुलते, फळते आणि संपते. आपल्या खायच्या केळीचे खापरपणजोबासुद्धा आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या जंगलांतले असेच बियाळ होते. हजारो वर्षांपूर्वी कुणाला तरी कमी बियांचं झाड सापडलं, त्यानं ते जपलं, लावलं. पुढे त्यातून बिनबियांची केळ आली.

बी का होत नाही? मोठ्या वर्गांतली मुलं गुणसूत्रं शिकली असतील. लहानांनी एवढंच धरा की प्रत्येक पेशीत अगदी सूक्ष्म दोरे असतात आणि त्यांत त्या सजीवाची सगळी माहिती साठवलेली असते. बहुतेक सजीवांत या दोऱ्यांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला, एक बाबांकडून. पुढची पिढी तयार होताना त्यांची समान वाटणी व्हावी लागते. आपल्या नेहमीच्या केळीत संच आहेत तीन. अकरा-अकराचे तीन, म्हणजे एकूण ३३ दोरे. आता ३३ चे दोन सारखे भाग करून दाखवा! मी हे वर्गात विचारलं तेव्हा मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, “साडेसोळा!” अरे, पण दोरा मध्येच तोडून कसं चालेल? वाटणी नीट होत नाही, म्हणून बी धरत नाही.

मग केळ वाढते कशी? मुनव्यांनी. कुठे त्यांना पिलं म्हणतात, कुठे कंद. मोठी केळ घड देते आणि मरते, पण तोवर तिच्या बुडाशी पिलू उभं राहिलेलं असतं. ते उपटून दुसरीकडे लावलं की झाली नवी केळ. हल्ली प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये टिश्यूकल्चरची रोपं करतात. एका छोट्याशा तुकड्यापासून हजारो रोपं! गंमत अशी की मुनवा घ्या किंवा बाटलीतलं रोप घ्या, ते आईसारखं नसतं, ते आईच असतं. तीच ती केळ. तिची नक्कल.

नक्कल म्हटल्यावर मला माझ्या वर्गाची आठवण झाली. मागच्या वर्षी चौथीच्या मुलांना घरी ८४ भागिले ६ हे गणित दिलं होतं. वह्या तपासायला घेतल्या. पहिल्या वहीत उत्तर, भागाकार १३, बाकी ६. सहाने भागून सहाच बाकी कशी उरेल रे बाबा? दुसरी वही, तेच. तिसरी वही, तेच. एकूण १९ वह्यांत बाकी ६! चौकशी केली तेव्हा कळलं की सकाळी एकाची वही फिरली होती. मी रागावले खरी, पण संध्याकाळी हसू आलं. त्या एकाचं उत्तर बरोबर असतं तर एकोणीसच्या एकोणीस बरोबर आले असते आणि मला काही कळलंही नसतं.

केळीचं अगदी तसंच आहे. नक्कल करण्यात फायदा मोठा आहे. एक झाड गोड निघालं की सगळी बाग गोड. घड एकाच मापाचे, एकाच वेळी तयार होणारे. शेतकऱ्याला सोयीचं, व्यापाऱ्याला सोयीचं, आपल्यालाही. पण त्या एका झाडाला ज्या रोगाशी लढता येत नाही, त्याच्याशी बागेतल्या कुठल्याच झाडाला लढता येत नाही. वर्गात कुणीतरी एखादा तरी स्वतःचं गणित सोडवणारा असतो. बागेत तो नसतो.

हे मी नुसतं तर्कानं सांगत नाहीये. हे एकदा घडून गेलंय.

तुमचे पणजोबा-पणजी लहान होते त्या काळात अमेरिकेत आणि युरोपात लोक जे केळं खायचे ते आजचं नव्हतं. त्याचं नाव ग्रो मिशेल, फ्रेंच नाव आहे, अर्थ साधारण ‘लठ्ठ मायकेल’. साल जाड, त्यामुळे अख्खेच्या अख्खे घड जहाजात टाकले तरी ते खराब होत नसत. मध्य अमेरिकेत होंडुरास, कोस्टारिका, पनामा या देशांत बड्या कंपन्यांनी जंगलं तोडून मैलोन्‌मैल लठ्ठ मायकेल लावला. केळी बंदरापर्यंत न्यायला रेल्वे टाकली. जिकडे बघावं तिकडे एकच केळ, नकलांच्या नकला.

आणि मग झाडं पिवळी पडायला लागली.

हा रोग तसा आधीही दिसला होता. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या केळींवर तो पाहून जोसेफ बँक्रॉफ्ट नावाच्या डॉक्टरांनी १८७६ साली त्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. पण त्यानं खरा धुमाकूळ घातला तो पनामाकडे, म्हणून नाव पडलं पनामा रोग. आपले शेतकरी त्याला मर रोग म्हणतात.

तो होतो एका बुरशीमुळे. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर किंवा लोणच्यावर बुरशी धरते ना, तशीच ही एक, फ्युजेरियम नावाची. फरक इतकाच की ही मातीत राहते. केळीच्या मुळाजवळ आली की मुळातून आत शिरते आणि झाडात ज्या नळ्यांतून पाणी वर चढतं त्या नळ्या धरते. झाडही गप्प बसत नाही. बुरशी वर चढू नये म्हणून ते नळ्यांत चिकासारखा पदार्थ भरून वाट बंद करतं. पण त्यानं होतं काय, पाण्याचीच वाट बंद! खाली जमीन ओली आणि वर झाड तहानलेलं. आधी खालची पानं कडेनं पिवळी होतात, मग देठाशी मोडून बुंध्याभोवती लोंबतात, परकर नेसवल्यासारखी. बुंधा आडवा कापला तर आत तांबूस-तपकिरी डाग आणि कडी दिसतात. शेवटी झाड मरतं, पण बुरशी मरत नाही. ती जाड कवचाचे बीजाणू करून मातीत झोपून राहते. किती दिवस? दिवस कसले, वीस-तीस वर्षंसुद्धा! तेवढ्यात कुणी तिथं पुन्हा केळ लावली की हिची झोप उघडते.

आणि असं एकही औषध नाही की जे फवारलं आणि झाड बरं झालं.

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगते, कारण माझ्या वर्गात हा प्रश्न आलाच होता. ही बुरशी माणसाला काही करत नाही. बाजारातलं केळं खायला अजिबात भ्यायचं नाही. डब्यातलं केळं परत आणायला हे कारण चालणार नाही, समजलं?

कंपन्यांनी काय काय केलं! शेतं महिनोन्‌महिने पाण्यात बुडवून ठेवली, बुरशी गुदमरून मरेल म्हणून. थोडे दिवस बरं वाटायचं, मग रोग परत. शेवटी त्यांनी सोपा मार्ग धरला. एक जमीन वाया गेली की ती सोडायची, पुढचं जंगल तोडायचं, तिथं लठ्ठ मायकेल लावायचा. पण लावायला मुनवे आणायचे कुठून? जुन्या बागेतूनच! मुनव्यांबरोबर, त्याला चिकटलेल्या मातीबरोबर, रोगही नव्या जमिनीत जायचा. साधारण १९६० पर्यंत परदेशी जाणाऱ्या केळ्यांत लठ्ठ मायकेलचं राज्य संपलं. कामगारांच्या अख्ख्या वस्त्या उठल्या. हे केळं आजही काही देशांत थोडंफार मिळतं, अगदी नामशेष झालेलं नाही. आपल्याकडेही कर्नाटकात म्हैसूरजवळच्या नंजनगूडची रसबाळे केळी फार नावाजलेली होती. तिचीही या मर रोगानं दैना केली.

मग जगाला केळी कुणी खाऊ घातली? तर कॅव्हेंडिशनं. याची गोष्ट मजेशीर आहे. १८३० च्या सुमारास इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ नावाच्या वाड्यात जोसेफ पॅक्स्टन हे मुख्य माळी होते. त्यांनी मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप मिळवलं, मूळचं चीनकडचं. इंग्लंडच्या थंडीत केळ! काचघर बांधून, ऊब देऊन त्यांनी ती वाढवली. १८३५ साली तिला फूल आलं. वाड्याचे मालक ड्यूक, त्यांचं आडनाव कॅव्हेंडिश, म्हणून केळीचं नाव कॅव्हेंडिश. (सगळी मेहनत माळीबुवांची, नाव मालकाचं. असो.) या केळीला पनामा रोगाची बुरशी काही करू शकत नव्हती. साल पातळ होती, त्यामुळे घड जहाजात टाकून चालेना, फण्या कापून खोक्यांत भराव्या लागल्या. चव लठ्ठ मायकेलसारखी नाही, असंही जुने लोक म्हणायचे. पण ती तगली. आज जगात पिकणाऱ्या केळ्यांपैकी निम्म्याच्या आसपास कॅव्हेंडिश घराण्यातली आहेत. परदेशी पाठवतात ती तर जवळजवळ सगळीच. आपल्या जळगावकडची बसराई, श्रीमंती, आणि आता जिकडेतिकडे दिसणारी ग्रँड नैन, जिला शेतकरी जी-नाइन म्हणतात, ही सगळी त्याच घराण्यातली.

म्हणजे लोकांनी काय केलं बघा. एका नकलेनं दगा दिला, तर दुसरीच्या नकला काढल्या!

व्हायचं तेच झालं. तैवानमध्ये १९६७ साली कॅव्हेंडिशची झाडं मर रोगानं मरताना आढळली. त्याच बुरशीची ही वेगळी जात. तिला शास्त्रज्ञ ‘ट्रॉपिकल रेस ४’ म्हणतात, थोडक्यात टीआर ४. जुन्या जातीपुढे जी केळ ताठ उभी राहिली, तिला या नव्या जातीनं झोपवलं. १९९० नंतर इंडोनेशिया आणि मलेशियातल्या मोठमोठ्या बागा तिनं घेतल्या. १९९७ मध्ये ती ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला डार्विनजवळ सापडली. २०१३ मध्ये जॉर्डन आणि आफ्रिकेतला मोझांबिक. नकाशा काढून बोट ठेवत जा, म्हणजे कळेल की मध्ये केवढाले समुद्र आहेत. बुरशीला पाय नाहीत, पंख नाहीत. मुनव्यांबरोबर, यंत्रांच्या चाकांना, माणसांच्या बुटांना चिकटून ती गेली.

ऑस्ट्रेलियाची एक गोष्ट मला विसरता येत नाही. २०१५ मध्ये क्वीन्सलँड राज्यात, जिथं त्यांच्या देशातली बहुतेक केळी पिकतात, टली गावाच्या परिसरात एका शेतावर टीआर ४ सापडला. आजूबाजूच्या केळी उत्पादकांनी काय केलं? पुढच्या वर्षी त्यांच्या संघटनेनं ते शेतच विकत घेतलं आणि तिथली केळी बंद केली. शेजाऱ्याला दोष देत बसले नाहीत.

२०१९ मध्ये तो दक्षिण अमेरिकेत पोचला, कोलंबियात. तिथल्या सरकारनं लगेच आणीबाणी जाहीर केली, कारण त्या भागातले कितीतरी देश केळ्यांच्या निर्यातीवर जगतात. पुढे २०२१ मध्ये पेरू, २०२३ मध्ये व्हेनेझुएला. आफ्रिकेत तर काही ठिकाणी केळं हे आपल्या भाकरीसारखं रोजचं अन्न आहे, तिथली काळजी आणखी मोठी.

आणि भारत? जगात सगळ्यात जास्त केळी आपण पिकवतो, एकूण केळ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा. आपली बरीचशी केळी आपणच खातो, म्हणून जगाच्या बाजारात आपलं नाव फार ऐकू येत नाही एवढंच. २०१५ नंतरच्या काही वर्षांत बिहारमधल्या कटिहार आणि पूर्णिया भागात, मग उत्तर प्रदेशात, गुजरातेत सुरतकडे आणि मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला टीआर ४ असल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलं.

बऱ्हाणपूर. रावेर तालुक्याची शीव ओलांडली की लगेच बऱ्हाणपूर जिल्हा. आता कळलं, आपल्या मैत्रिणीचे बाबा बांधावर का उभे राहिले?

मामांच्या बागेत रोग असेलच असं नाही. एका जिल्ह्यात हजारो बागा असतात. पण पंचाईत अशी की बुरशी मुळात शिरल्यापासून झाडावर लक्षणं दिसेपर्यंत काही महिने जातात. तोवर झाड हिरवंगार, मुनवा धडधाकट. त्यामुळे ‘माझ्या सगळ्यात चांगल्या झाडाचा’ असं मामा मनापासून म्हणत असतील, तरी तो मुनवा निरोगी आहे हे त्यांनाही सांगता येणार नाही. शेतातलं विळखुरपं, पाटाचं पाणी, बैलाचे खूर, ट्रॅक्टरची चाकं, कशानंही ती माती इकडची तिकडे होते. त्या मातीत बुरशी असेल तर चिमूटभरसुद्धा पुरते.

शास्त्रज्ञ हात बांधून बसलेले नाहीत. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला १९९३ पासून राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे, ते खास केळीसाठीच. मातीतलीच ट्रायकोडर्मा नावाची उपकारक बुरशी वापरून फ्युजेरियमला दाबता येतं का, यावर आपल्या देशात बरंच काम झालंय. काट्यानं काटा! तैवानच्या लोकांनी हजारो टिश्यूकल्चर रोपांतून, नक्कल करताना किंचित चुकलेली आणि म्हणून जरा जास्त चिवट निघालेली झाडं निवडली. (बघा, नकलेतली चूकही कधी उपयोगी पडते. पण हे माझ्या वर्गाला सांगू नका.) ऑस्ट्रेलियात जेम्स डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर बियांच्या एका रानकेळीतलं जनुक काढून कॅव्हेंडिशमध्ये घातलं. त्या केळीला २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं परवानगी दिली. ती अजून बाजारासाठी लावायची नाही असं त्यांनी ठरवलंय, रोग फारच पसरला तर हाताशी असावी म्हणून ठेवलीय. म्हणजे दात पाडणाऱ्या, कुणी न विचारणाऱ्या रानकेळीकडेच शेवटी जावं लागलं.

मला माझ्या आजीचं परस आठवतं. कोकणातलं घर, न्हाणीचं पाणी जिथं जायचं तिथं केळी. तळायला आणि सुकवायला राजेळी, आम्हा मुलांना वेलची, एक लाल केळ, आणि एक कसलीशी जाड सालीची जिचं नाव आजीलाही ठाऊक नव्हतं. त्यातली प्रत्येक केळ या रोगाला पुरून उरली असती असं मी म्हणत नाही. काही जाती बळी पडतातच. पण एकीला झालं ते सगळ्यांना झालंच असं नसायचं. आता बाजारात मी मुद्दाम बघते. चार गाड्या, चारही गाड्यांवर एकच केळं.

बरं, आता रावेरच्या मैत्रिणीला उत्तर.

बाळ, मुनवे परत पाठवले यात तुझ्या बाबांचं चुकलं नाही. बाहेरचा मुनवा बागेत घ्यायचाच नाही. तपासलेली टिश्यूकल्चरची रोपं घ्यायची. मामांचंही चुकलं नाही. हजारो वर्षं लोकांनी असेच मुनवे एकमेकांना दिले, म्हणून तर केळ जगभर गेली. पण मला वाटतं, बाबांना हे बांधावर, सगळ्यांसमोर सांगायला नको होतं. दोन दिवस आधी फोन करून, ‘भाऊ, यंदा असं असं ऐकतोय, मुनवे आणू नका, तुम्ही नुसते या’ एवढं म्हणता आलं असतं. मामांचीसुद्धा बाग आहे. त्यांना पटलं असतं.

आणखी एक. तू बाबांना हळूच विचार की केळी कापायला जी टोळी येते, ती सकाळी कुणाच्या बागेत होती? तिचे विळे कुणी धुतले? व्यापाऱ्याची गाडी बागेत कुठपर्यंत येते? पाहुणा वर्षातून एकदा येतो. ही मंडळी एका दिवसात दोन-दोन, तीन-तीन बागा करतात. धुवायचंच तर सगळ्यांनी धुवायचं. आणि नुसता पाण्याचा तांब्या ओतून भागत नाही. आधी ब्रशनं माती पूर्ण काढायची, मग जंतुनाशकाचं पाणी. त्याहून सोपं म्हणजे बागेच्या तोंडाशी बागेतल्या वापराचे गमबूट ठेवायचे. घरातली चप्पल बाहेर, बागेतली बागेत. देवळात जाताना आपण चपला बाहेर काढतोच ना? तिथं कुणाला अपमान वाटत नाही.

बागेत एखादं झाड खालून पिवळं पडून परकर नेसल्यासारखं दिसलं तर ते ओढत बांधावर आणायचं नाही, तसंच ठेवून कृषी सहायकांना बोलवायचं, हेही घरी सांग. पिवळं पडलं म्हणजे मर रोगच असं नसतं. पाणी साचून, खत कमी पडूनही पानं पिवळी होतात. ते तपासणारे सांगतील.

बाकीच्या वाचकांसाठी या आठवड्याचा उद्योग. तुमच्या गावच्या बाजारात किती प्रकारची केळी मिळतात ते मोजा आणि प्रत्येकाचं तिथलं नाव लिहून काढा. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणची कुठली केळी आता दिसत नाहीत. नावं पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी इथं छापीन. कुणाला बियांचं केळं मिळालं तर एक बी जपून ठेवा.

आणि रावेरच्या मैत्रिणी, राखीपौर्णिमेला मामा येतील ना? त्यांच्या पायाचं माप आईला ठाऊक असेल. तेवढ्या मापाच्या गमबुटांचा एक जोड बांधाशी तयार ठेव. त्यांना घाल म्हणावं, आणि मग सगळी बाग हिंडवून आण. काय झालं ते मला नक्की कळव.

धूमकेतू पुढच्या अंकात.